दक्षिणेच्या दाराचा कागद

कर्जतला उतरलो तेव्हा खोपोलीची गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. पुढची दीड तासाने. फलाटावर वडा घेतला, तो इतका कढत की पहिल्याच घासाला टाळू भाजली आणि मग दिवसभर कशाची चव म्हणून लागली नाही. बाकड्यावरच्या हमालाजवळ मी गाड्यांबद्दल कुरकुर केली. तो म्हणाला, "गाडी कुटं पळून जाती? बसा की." माझ्या पिशवीत एक कागद होता आणि तो सात वर्षे उशिराने निघाला होता. दीड तासाबद्दल बोलायचा मला खरे तर अधिकार नव्हता.

या कागदाची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी ओव्हरसिअर. खालापूरच्या बाजूला एका लहानशा तलावाखाली एक वाडी गेली आणि तिच्या लोकांना माळावर नवी वस्ती बांधून दिली. रस्त्याच्या एका अंगाला बावीस घरे, सगळ्यांची दारे रस्त्याकडे, ओळ सरळ दिसावी म्हणून. रस्ता दक्षिणेला होता. लोक आपापसात कुजबुजले, पण धाकू नावाचा एकच शेतकरी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "सायब, त्या बाजूनं माणूस एकदाच जातो. रोज कसं जायाचं?" मी त्याला सगळ्या दिशा सारख्या कशा, यावर चांगले अर्धा तास सुनावले. वर त्याच्याकडून लिहून घेतले की, लेखी परवानगीशिवाय दार हलवणार नाही. त्याने अंगठा दिला आणि लगेच परवानगीचा अर्जही दिला. तो मी खणात टाकला. पुढे तो दोनदा कचेरीत आला. दोन्ही वेळा मी सांगितले, "वर पाठवलाय." पाठवला नव्हता. गेल्या महिन्यात बदली झाली, खण रिकामा करताना तो तळाशी सापडला. मी तो वर नेला. साहेबांनी चहा पिता पिता सही केली. सात वर्षांचे काम एका कपात झाले.

खोपोलीची गाडी कर्जत सोडली की सरळ दक्षिणेला जाते. पळसदरी मागे पडली. डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत आणि उजवीकडे कोरडी खाचरे, त्यांत जागोजागी राब (रोपांसाठी पालापाचोळा टाकून भाजलेली जमीन) काळे पडलेले. चैत्र संपत आला होता. डब्यात धूर येत होता आणि खिडकी लागत नव्हती.

खोपोलीहून एस.टी. मिळाली. वाहकाने "हीच वस्ती" म्हणून मला ठामपणे उतरवले. ती वस्ती नव्हती, तो नुसता फाटा होता. उन्हात कैऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन एक बाई येत होती.

"बाई, नवी वस्ती इथून दक्षिणेला ना?"

ती थांबली. "त्या बाजूला आमी दिवा लावतो तो बी वरसातनं एकदा, यमाचा. तुमाला वस्तीला जायाचं हाय का आनि कुटं?"

"वस्तीलाच."

"मंग तसं बोला. डोंगर डाव्या हाताला ठेवा आन् चालत ऱ्हावा. वड आला की खाली वळा."

मी तासभर चाललो. वड आला नाही. पुढे बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितले की, वड पडून चार वर्षे झाली. "मग लोक वडाची खूण का सांगतात?" असे मी जरा चिडूनच विचारले. तो म्हणाला, "जागा सगळ्यांना ठावं हाय ना."

वस्ती दिसली तेव्हा चपलेचा अंगठा तुटला होता. रस्त्यावरून पाहिले तर माझी ओळ अजून सरळ होती, पण नजरेच्या टप्प्यातली सगळी दारे बंद. कुणी दारापुढे सरपण रचले होते, कुणी पेंढ्याची उडवी. सगळे गाव उठून गेले की काय, असे वाटले. इतक्यात घरांच्या मागून बायकांचे बोलणे ऐकू आले. वळसा घालून गेलो आणि उभाच राहिलो. एक सोडून प्रत्येक घराला मागच्या नाहीतर पूर्वेच्या भिंतीत दार फोडलेले, पुढे सारवलेली पडवी, तुळस, पाण्याची हंडी. एक माणूस दोरी वळत बसला होता. त्याने मला ओळखले नाही.

"हे दार कधी केलंत?"

"सायब गेलं त्या आटवड्यात. पुढचं दार सायबाचं, ह्ये आमचं."

ओळीच्या पार टोकाला एकाच घराचे पुढचे दार उघडे होते. धाकूचे.

तो आतून आला, माझ्याकडे पाहिले आणि पहिला शब्द बोलला तो असा, "कागद आनलाव?"

मी मान डोलावली. त्याने मला पाणी दिले. त्याची बायको सखूबाई चुलीपाशी होती, तिने तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) पुढे ठेवली आणि माझ्याशी नाही, भाकरीशी बोलावे तशी बोलू लागली. मुलगा नामा तिशीला आला. मुलीकडचे तीन वेळा घर बघायला आले आणि तिन्ही वेळा दार बघून रस्त्यावरूनच परत गेले. "समद्या गावानं भिती फोडल्या. ह्यांना सात वरसं सांगते, फोडा. तर म्हंत्यात, कागद यील."

"तुम्ही का नाही फोडली?" मी धाकूला विचारले.

"आंगठा त्यांचा नव्हता. माजा हुता."

त्याने कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मी माफीचे काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "ते मंग. तीन वाजता कडावचं पाव्हणं येतीत. त्यांना हे दार कुनामुळं, ते तुमीच सांगा."

कडावची दोन माणसे आली, मुलीचा बाप आणि मामा. दार पाहून रस्त्यावरच थांबली. बापाने टोपी काढून पुन्हा घातली, म्हणजे निघायची तयारी. नामा खाली बघत उभा राहिला. मी पुढे झालो आणि सगळे सांगितले, खणासकट, खोट्यासकट. आजूबाजूच्या पडव्यांतून बायका ऐकत होत्या.

मुलीच्या बापाने ऐकून घेतले. मग विचारले, "सायब, तुमच्या घराचं दार कुठं हाय?"

हा प्रश्न मला सात वर्षांत कुणी विचारला नव्हता. ज्या वर्षी मी धाकूचा अंगठा घेतला त्याच वर्षी आम्ही डोंबिवलीत जागा बघत होतो. पहिली जागा मोठी होती, हवेशीर होती. दार दक्षिणेला होते. बायकोला मी सांगितले की, उजेड कमी आहे. उजेड भरपूर होता.

"पूर्वेला," मी म्हणालो.

कुणी हसले असते तर बरे झाले असते. मामा दुसरीकडे बघू लागला. बाप धाकूकडे वळला आणि म्हणाला, "दार फिरवा. फिरलं की निरोप धाडा, पोरीला दाखवायला आमी तयार हावोत." चहा त्यांनी घेतला, पण उभ्यानेच, रस्त्यावर.

ते वळणाआड जायच्या आत धाकूने पहार काढली आणि पूर्वेच्या भिंतीवर घातली. मीही हट्टाने एक पहार मागून घेतली. दहा मिनिटांत तळहाताला फोड आले. नामाने ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली. "द्या सायब. भित आजच पाडायची हाय."

चारच्या सुमारास भिंतीला माणूसभर भोक पडले आणि घरात उजेड आला. सखूबाई त्यातून बाहेर आली, परत आत गेली, पुन्हा बाहेर आली.

"जुनं दार आता बुजवणार?" मी विचारले.

"कशाला?" धाकू म्हणाला. "उनाळ्यात वारा तिकडनंच येतो."

मला एस.टी. गाठायची होती. निघताना मी कागद परत मागितला, कचेरीच्या फायलीला लागतो म्हणून. दार झाल्यावर तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही, कुणी विचारणार नाही, असेही सांगितले. धाकूने तो चौघडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. त्याने पेटीवर हात ठेवला.

"सायब, तुमच्या बोलन्यावर आता नाय."

बोलण्यात राग नव्हता. मला एस.टी.पर्यंत पोचवायला तो आला, तुटक्या चपलेला सुतळी बांधून दिली, गाडी थांबवलीही त्यानेच. परतीला गाडी उत्तरेला चालली होती आणि मी स्वतःवर चिडून बसलो होतो. माफी मागायला म्हणून गेलो आणि ती मागायचीच राहिली, त्याला कामाची घाई होती. कचेरीत उद्या सांगावे लागेल की कागद मूळ मालकाकडे राहिला. फाईल अपुरी राहील. राहू दे.