जहाजाचं कूळ

“खालीच होतो नं मी, बाई! मले काय दिसणार?”

लढाईत काय पाहिलंत, असं कोणी विचारलं की नेवीभाऊ कपाळावर हात मारून हेच म्हणायचे. ऐकणाऱ्यांचा हिरमोड व्हायचा. बुडणारं शत्रूचं जहाज, तोफा, धूर असलं काही ऐकायच्या आशेनं लोक येत आणि हे बॉयलरच्या झळांबद्दल बोलत बसत. एकाहत्तरच्या लढाईत ते आपल्या नौदलाच्या एका क्रूझरवर होते. क्रूझर म्हणजे मोठ्या तोफांचं लढाऊ जहाज. सगळी लढाई यांनी त्याच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली घालवली.

भामरागडपलीकडच्या त्यांच्या गावात मी नर्स म्हणून जात असे. बीपी मुकाट्यानं मोजू द्यायचे, पण गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात चला म्हटलं की ठरलेलं उत्तर. “आधी दगडाचं होऊ द्या.”

तुम्ही म्हणाल, दगडाचं काय? त्या गावात माणूस गेला की त्याच्या नावाचा उभा दगड रोवतात, ज्याच्या त्याच्या कुळाच्या जागेत. नेवीभाऊंना तसा दगड आपल्या जहाजासाठी रोवायचा होता. जहाज मोडीत निघून वर्षं लोटली होती.

गावचा गायता, म्हणजे देवाधर्माचं पाहणारा म्हातारा, त्यांचा लहानपणचा सोबती. तो नाही म्हणत नव्हता, हीच तर पंचाईत. तो फक्त विचारायचा, “कूळ कोणतं त्याचं? किती देववाल्यांचं?” त्यांच्यात कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात, कोणी चार देववाले, कोणी सात. कूळ कळल्याशिवाय जागा कोणती देणार?

मग नेवीभाऊ मुळापासून सुरुवात करायचे. जहाज इंग्रजांच्या घरचं. जुन्या महायुद्धात बर्फाच्या समुद्रात फिरलं, टॉर्पेडो खाल्ला, तरी बुडालं नाही. पुढे आपण विकत घेतलं, नाव बदललं.

“नाव बदललं म्हणजे लगन झालं,” गायता म्हणाला. “मंग सासर कोणतं?”

“नेवी.”

“नेवीचे देव किती?”

नेवीभाऊ पाय आपटत उठून गेले.

पुढच्या बैठकीत गायत्यानं नवीनच काढलं. “पण मेलं कुठी थे?”

“कापलं नं त्याले! वितळवलं.”

“लोखंड वितळलं म्हणजे मरते काय? तुह्या घरच्या विळ्यात असंल.”

मला हसू फुटलं. नेवीभाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी ते आवरलं. खरं तर मला दोघांचाही संताप यायचा. माणसाचे पाय सुजत चालले होते आणि इथं लोखंड मेलं की नाही याचा काथ्याकूट!

“एवढं काऊन मनाले लावून घेता, भाऊ?” एकदा मी चिडूनच विचारलं. गायता शेजारीच तंबाखू मळत बसला होता.

“माह्यासंगचे सारे समुद्राकडचे, बाई. दार उघडलं का त्याइले समुद्र दिसते. मले इथी काय दिसते? सागवान. मी गेलो का इथी त्याले कोण आठवणार? इतके वर्स पोटात ठेवलं, जित्तं परत आणून सोडलं, आन् त्याले एक दगड नाई?”

गायत्यानं तंबाखू तोंडात टाकली. “पोटात ठेवलं म्हंतो, तं माय झाली तुही,” तो म्हणाला. “लेकराचं कूळ तेच मायचं. आण दगड. तुमच्याच जागेत रोवू.”

एवढ्या वर्षांचं भांडण एका चिमटीत मिटलं. वाटलं, आता तरी माणूस दवाखान्याच्या गाडीत बसेल. कसलं काय! आता दगड पसंत पडेना. गावकऱ्यांनी नदीकाठचा एक दगड बैलगाडीत घालून आणला. “हा? हा तं आमच्या बॉयलरएवढाबी नाई!” दुसरा आणताना गाडीचं चाक मोडलं. नेवीभाऊ दगडाभोवती फिरून आले आणि मान हलवली. “लहान आहे.” तिसराही लहानच.

“मंग डोंगर उचलून आणू काय?” गायता ओरडला.

“आणशीन?” यांनी गंभीरपणे विचारलं.

त्या पावसाळ्यात पुरानं रस्ता तुटला. नेवीभाऊंचं दुखणं वाढल्याचा निरोप आला आणि मी औषधांची पिशवी घेऊन अलीकडच्या काठावर अडकून पडले. पाणी ओसरून गावात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला रडू आलं नाही, चीड आली. नदीची, गायत्याची, आणि सगळ्यात जास्त त्या हट्टी माणसाची.

उन्हाळ्यात त्यांचा दगड रोवला. साधाच, कमरेएवढा. पुढं कधीतरी त्याच कुळातली एक म्हातारी गेली. तिच्या दगडाच्या वेळी मी होते. घरच्यांनी नेवीभाऊंच्या शेजारची मोकळी जागा पाहिली आणि खणायला घेतलं. बाकी सगळीकडे दाटी आणि तिथं मात्र गाडी वळेल एवढी जागा रिकामी, मग दुसरं काय करणार!

गायता काठी उगारत आला. “इथी नाई! पलीकडे सरका. जहाजाची जागा होय थे.”

“पण दगड कुठी आहे?” खणणाऱ्यानं विचारलं.

म्हातारा धापा टाकत म्हणाला, “त्याच्या मायजोगता भेटला नाई अजून.”