ज्वारीत आलेलं जहाज

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि टीव्हीवरच्या निवृत्त सेनाधिकाऱ्यांवर तर त्याहून नाही. दोघंही अंधारातलं स्वच्छ दिसल्यासारखं वागतात. तरी हे लिहितोय... सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये ऐकायला दुसरं कोणी नाही, हेही एक कारण.

माझा मुलगा शिवराज तेलवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. जहाज कुठे आहे हे बघणं त्याचं काम. बायको गेल्यापासून ते मोबाइलवर बघणं माझं काम. ॲपमध्ये एक हिरवा ठिपका असतो. त्याच्यासमोर बसून मी चहा पितो.

गेल्या हिवाळ्यात आखातात तणाव वाढला आणि तिकडचे सगळे ठिपके बहकले. शिवराजने आधीच सांगून ठेवलं होतं, "अप्पा, उपग्रहाचा सिग्नल फार अशक्त असतो. सैन्यवाले जमिनीवरून त्याहून जोरात खोटा सिग्नल सोडतात. मग आम्ही समुद्रात असतो आणि नकाशात कुठल्यातरी विमानतळावर गोल गोल फिरतो. घाबरू नका." टीव्हीवर मात्र ब्लेझरवाले एक गृहस्थ लाल बाण नाचवत 'अदृश्य महायुद्ध' समजावत होते. मग एका तेलवाहू जहाजावर ड्रोन पडल्याची बातमी आली. जहाजाचं नाव नाही. शिवराजचा फोन लागेना. कंपनीच्या ऑफिसातली मुलगी गोड आवाजात 'माहिती घेतोय' म्हणत राहिली.

येळ अमावस्येच्या सकाळी ॲप उघडलं, तर ठिपका दुधनीजवळ. आमच्या शेतात.

खोटा सिग्नल जहाजाला विमानतळावर नेतो, हे समजलं होतं. पण ज्वारीत? ॲप बंद करून पुन्हा उघडलं. तिथेच. मी दुधनीची गाडी धरली.

शेजारच्या शेतातला गुरप्पा पूजेसाठी रचलेल्या कडब्याच्या कोपीपुढे पंगत मांडत होता.

"सर, औंदा येनार न्हाय म्हनला हुता की."

"आलो."

"आलाव त्ये बरं झालं. पर चरग टाकाया दुसरं कोन हाय?"

या दिवशी शेतात पूजा झाली की बांधाने फेरी घालतात. पुढचा माणूस नैवेद्य शिंपडत जातो – तो चरग – आणि मागचा पाणी. दोघं लागतातच. शिवराज रजेवर असला की तो पुढे, मी मागे. मी गुरप्पाला मोबाइल दाखवला.

"ह्ये जहाज हाय व्हय?" तो म्हणाला. "हितं प्याला पानी न्हाय, आन ह्ये तरंगतंय."

तेवढ्यात ठिपका हलला. वेग माणसाच्या चालीचा. तो आमच्या बांधाने निघाला होता.

गुरप्पाचं हसू गेलं. माझंही. कारण आमच्याकडे म्हणतात, ज्याचा देह येऊ शकत नाही तोच असा येतो. मी हे आयुष्यभर थट्टेने सांगत आलो. त्या क्षणी थट्टा काही सुचेना.

"जावा मागनं," गुरप्पाने पाण्याचा तांब्या हातात दिला. "मोडता घालू नका."

पूर्वेच्या बांधावर आमची जुनी विहीर होती. ती बुजवून वरून ज्वारी पेरलीय, उपग्रहाच्या फोटोतही तिथे सपाट रान दिसतं. पण फेरी घालताना आम्ही घरचे अजून तिला वळसा घालतो. ठिपका तिथे पोचला... आणि वळसा घालून पुढे गेला. मी पाणी शिंपडत मागे. पुढे फक्त कणसं हलत होती. वारा होता, हेही लिहायला हवं.

फेरी पुरी झाली आणि ठिपका नाहीसा झाला. स्क्रीनशॉट विचाराल – एका हातात तांब्या होता, दुसऱ्यात मोबाइल; तिसरा हात नव्हता. नंतर ॲपमधला मागचा मार्ग उघडून पाहिला, तर त्यात त्या दिवशी फक्त वाळवंटातला विमानतळ.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शिवराजचा फोन आला. सगळे सुखरूप. सिग्नल पार गेला होता, रडारवर आणि किनाऱ्याच्या खुणांवर त्यांनी जहाज बाहेर काढलं होतं.

"दुधनी?" तो हसला. "काहीतरीच, अप्पा. ॲप गंडलं असेल." मग म्हणाला, "म्हणजे चरग टाकलात? एकट्यानेच?"

"नाही."

"मग पुढे कोण होतं?"

"पुढच्या येळ अमावस्येला रजा घे," मी म्हणालो.