कडबा चाखणारे साडू

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्याला कलेक्टर मिळाले, नवी पाटी मिळाली, लाल दिव्याची गाडी मिळाली. आणि जनावराच्या तोंडाने विचार करणारा राज्यातला एकमेव खरेदी अधिकारीही मिळाला. तो म्हणजे आमचे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कंधारचे. नेमणूक खुर्च्या, टाचण्या आणि कार्बन पेपर घेण्यासाठी झाली होती. त्याच वर्षी पाऊस गेला, शहराबाहेर गुरांची छावणी उघडली आणि वैरणीची खरेदी कोणाकडे द्यायची असा प्रश्न बैठकीत निघाला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. साडू तेव्हा पंख्याकडे पाहत होते. त्यामुळे ते एकटेच साहेबांना दिसले.

साडूंचं शिक्षण वाणिज्य शाखेतलं. कडबा आणि उसाचं वाढं यांतला फरक त्यांना पहिल्याच आठवड्यात एका बैलाने तोंड फिरवून समजावला. पण एखादी गोष्ट अर्धवट येणं साडूंना अपमानाचं वाटे. त्यांनी आधी पेंढी उचलून पाहायला सुरुवात केली, मग हुंगून, मग ज्वारीचं ताट मोडून त्याचा आवाज ऐकून, आणि शेवटी चावून. पुढे पुढे गोड कडबा, मुरलेला कडबा आणि वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कडबा ते डोळे मिटून ओळखू लागले. देगलूरकडचा एक व्यापारी काकुळतीला येऊन म्हणाला, "सायब, जनावरं खातेत की! तुमी कशाला खाऊन राहिलेत?" साडू चावता चावता म्हणाले, "जनावर तक्रारीचा अर्ज देत नाही." हे कौशल्य कचेरीपुरतं राहिलं नाही. मेथीची जुडी घरात आली की ते देठ मोडून कानाशी नेत. मुदखेडच्या एका लग्नात मांडवाला अर्धापूरहून आणलेले केळीचे खांब बांधले होते. साडूंनी नवरीच्या बापाला बाजूला घेऊन विचारलं, "अक्षता पडल्यावर हे कोण नेणार? पाणीदार आहेत." अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "दाजी, ह्यांच्यापुढं हिरवं लुगडं नेसायचंसुदिक भ्याव वाटतंय."

उन्हाळ्याच्या शेवटी छावणीतली वैरण संपली. आदल्या दिवशी निघालेला कडब्याचा ट्रक वाटेत नादुरुस्त झाला होता. सकाळी दुसरा एक ट्रक आला, हिरव्यागार ज्वारीने भरलेला. मी बातमीसाठी तिथेच होतो. जनावरं दावं ताणून हंबरत होती, माणसं पेंढ्या ओढायला धावली. साडूंनी मूठभर पाला तोंडात टाकला, चावला, थुंकला आणि ओरडले, "किराळ!" अवकाळी सरीवर फुटून पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत हे विष असतं, जनावर खातं आणि थोड्याच वेळात आडवं होतं. एक म्हातारा पुढे आला. "सायब, कालपासून दावणी कोऱ्या हायेत. मरायचीच हायेत तं खाऊन मरू द्या!" साडू ट्रकवर चढले आणि वैरणीवर बसले. तिथेच त्यांची जीभ जड झाली, डोळे फिरू लागले.

"सरकारी दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"तिथं कुणाला किराळ माहीत हाय? गुरांच्या दवाखान्यात न्या. आन् ह्या ट्रकमधीच न्या. मी उतरलो की हे लोक वैरण उतरवतील."

अशा रीतीने जिल्ह्याचे वैरण खरेदी अधिकारी वैरणीच्या ढिगावर आडवे पडून गुरांच्या दवाखान्यात गेले. शिपायाने विचारलं, "जनावर कुठं हाय?"

"मीच," साडू म्हणाले.

"हाव का? मग दावं कुणाच्या हातात हाय?"

डॉक्टरांनी साडूंना ओसरीवर निजवून गुळाचं पाणी पाजलं, वैरण आत नेऊन तपासली आणि बाहेर येऊन त्यांना सांगितलं, "माल विषारीच आहे. एकाही जनावराला घालू नका. पण तुम्ही चावून थुंकलात, तेवढ्यानं शेळीसुद्धा मेली नसती. चक्कर भीतीची आहे." अक्का रडत आल्या होत्या. हे ऐकताच त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शेळी बरी की मग! तिला कुणी सांगितलं तं ऐकती तरी." साडू उठून बसले. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, "कुणी खाल्लं तर नाही ना तिकडं?" कोणी खाल्लं नव्हतं. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि उरलेलं गुळाचं पाणी मागून घेतलं.

संध्याकाळी देगलूरचा तो व्यापारी वाळक्या कडब्याचा दुरुस्त झालेला ट्रक घेऊन छावणीत पोहोचला. साडूंनी एक ताट ओढून तोंडाजवळ नेलं. अक्का बघत होत्या. साडूंनी ते शेजारच्या गाईपुढे धरलं. तिने हुंगलं, घेतलं. मग दावणी भरल्या आणि सगळी छावणी एकदम चावू लागली. सकाळचा म्हातारा साडूंशेजारी येऊन उभा राहिला.

पुढे पाऊस झाला, छावणी उठली, साडूंची नांदेडला बदली झाली. निरोप समारंभात त्यांच्याविषयी बरंच चांगलं बोललं गेलं. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो त्या संध्याकाळचा कडकड आवाज, आणि गुरांकडे पाहता पाहता स्वतःचाही जबडा हळूहळू हलवणारे साडू.