टोपण लावून ऐकणाऱ्या बाई

कोणी बोलायला समोर येऊन बसलं की बाई आधी पेनाला टोपण लावत. मग पेन टिपकागदावर आडवं ठेवत आणि म्हणत, "बोला. ऐकतेय."

मला हे अपमानकारक वाटे. माणूस गाऱ्हाणं घेऊन येतो, आणि जिच्या हातात त्याची नेमणूक, रजा, बढती, हकालपट्टी सगळं आहे, ती बाई लिहायचंच बंद करते. म्हणजे याचं बोलणं नोंदवण्याच्या लायकीचं नाही, असाच अर्थ मी लावला. मी तेवीस वर्षांचा होतो आणि खुणांचे अर्थ मला फार पटकन लागत.

आमचं केंद्र विद्यापीठाचं. समाजधोरण संशोधन केंद्र. समाजधोरण म्हणजे इतरांनी कसं वागावं याचं शास्त्र. बेलापूरला खाडीच्या बाजूला एक भाड्याचा बंगला होता, त्यात आम्ही बारा-तेरा माणसं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने येऊ लागले होते, भाताची खाचरं जात होती, मिठागरं आटत होती. आम्ही गावोगाव तक्ते घेऊन फिरायचं आणि विचारायचं: घरात माणसं किती, जमीन किती गेली, कारखान्यात काम लागलं का, लागलं तर कायम की हंगामी. संचालक मुंबईहून ठाण्याला वळसा घालून आठवड्यातून दोनदा मोटारीने येत आणि आम्ही आणलेल्या तक्त्यांवरून इंग्रजीत अहवाल लिहीत. त्यांचा आवडता विषय होता कामगाराच्या नोकरीची शाश्वती.

आणि त्याच बंगल्यात, डाव्या हाताच्या खोलीत, आस्थापना विभाग होता. म्हणजे बाई, दोन लाकडी कपाटं आणि एक टाइपरायटर.

बाई पनवेलच्या. एसटीने येत-जात. चाळिशीच्या पुढच्या, एकट्या, फिक्या रंगाची पाचवारी, केसांत फूल कधी नाही. माझा पहिला रजेचा अर्ज त्यांनी परत केला होता. मी त्यात रजा हा कामगाराचा हक्क कसा आहे यावर अर्धं पान खर्ची घातलं होतं.

"कारण एका ओळीत लिहा, पुढारी," त्या म्हणाल्या. "बाकीचं सभेत सांगा. तिथे टाळ्या तरी मिळतील."

तेव्हापासून मी त्यांचा 'पुढारी' झालो.

माणसं निवडण्याची त्यांची एक पद्धत होती. मुंबईचा एखादा पदवीधर मुलाखतीला आला की त्या त्याच्या बुटांकडे बघत. मग म्हणत, "चला, जरा बांधावरनं फिरून येऊ." बंगल्यामागे खाडीचा बांध होता आणि बांधावर चिखल. जो निम्म्या वाटेवर "इथे केंद्राची गाडी मिळते का हो?" विचारी, त्याच्या कागदावर शेरा पडे: योग्य, मुंबई कार्यालयासाठी.

गावच्या लोकांशी मात्र निराळी गोष्ट. पहारेकऱ्याच्या जागेसाठी एक आगरी गृहस्थ आले होते, त्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती.

"आसंल चालीस. नायतर पन्नास."

"आई काय सांगायची? तुम्ही झालात तेव्हा आगरात पाणी घेतलं होतं की मीठ ओढत होते?"

"मीठ वढीत व्हते. आय आगरावरनं घरा आली नि मी झालो."

"म्हणजे फाल्गुन-चैत्र धरू. थोरला भाऊ तेव्हा चालायचा का?"

पाऊण तास असं चाललं. शेवटी महिना ठरला, वर्ष ठरलं. मी म्हटलं, "बाई, पुढे 'अंदाजे' लिहून टाका ना, कशाला एवढा वेळ?" त्या म्हणाल्या, "मी 'अंदाजे' लिहिलं की वरचे लोक यांना त्यांच्या अंदाजाने घरी पाठवतील." ते वाक्य मला त्याच वेळी नीट ऐकू यायला हवं होतं.

आता मथुराबाईंबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरून झालं.

मथुराबाई पावणे गावच्या. सातवी पास, आधी मिठागरावर कामाला. सासरची खाचरं कारखान्यांसाठी गेली होती, नवरा खडीच्या कामावर जाई तो लागेल तेव्हा. आम्ही पदवीधर दारात उभे राहिलो की गावच्या बायका आत निघून जात. मथुराबाई ओट्यावर बसल्या की त्याच बायका सगळं सांगत. केंद्राचं अर्धं काम त्यांच्या तोंडावर चाले. पण त्या हंगामी. दर तीन महिने संपले की त्यांची नोकरी संपल्याचा कागद निघे, एक दिवस खंड पडे, आणि दुसऱ्या दिवशी नव्या नेमणुकीचा नवा कागद. सेवा सलग झाली तर माणूस कायमपणा मागतो, म्हणून ही कात्री. दोन्ही कागद बाई टाइप करत, सही संचालकांची.

खंडाचा कागद देताना बाई खुर्चीतून उठून उभ्या राहत. मथुराबाई हसून म्हणत, "माजा मरनाचा कागद आयला."

नोकरीच्या शाश्वतीवर अहवाल लिहिणारं केंद्र हे करत होतं. माझं रक्त उकळत असे. कॉलेजात असताना मी एका युनियनची पत्रकं लिहिली होती. अन्याय दिसला की त्याला मथळा शोधायचा, एवढंच मला येत होतं.

एकदा खंडाच्याच दिवशी मी मथुराबाईंना केंद्रात पाहिलं. बाईंच्या खोलीत, जमिनीवर तक्ता पसरून त्या काहीतरी भरत होत्या. खाली सही केली, तारीख घातली. बाईंनी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. नंतर पहारेकऱ्याकडून कळलं की दर खंडाला असंच होतं. बाई आदल्या दिवशी तोंडी निरोप देतात, अमुक घराचा तक्ता अपुरा आहे, उद्या येऊन पुरा कर.

म्हणजे ज्या दिवशी हिला कामावरून काढलं त्याही दिवशी हिच्याकडून फुकट काम. मला मथळा सापडला. 'संशोधन केंद्रातली वेठबिगार.' खाली सगळा तपशील: आठ खंड, आठ तक्ते, कपाट, कुलूप, 'आस्थापनेतली एक बाई'. शेवटी माझी सही. मी निनावी लिहीत नसे, त्याचा मला गर्व होता. पनवेलला सायक्लोस्टाइल करून घेतलं. एसटी स्टँडवर वाटलं, बंगल्याच्या फाटकावर चिकटवलं, संचालकांच्या मोटारीच्या काचेत खोचलं.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई मला रस्त्यातच भेटल्या. गावात कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर म्हणत, तसं त्या मलाही म्हणत.

"मास्तर, ह्या तू लिवलास?"

"हो. तुमच्यासाठीच—"

"मना इचारलास?"

"तुम्ही घाबरला असतात."

"दोन वर्सां मी गप बसले ती काय घाबरून? बाईंनी सांगितला व्हता, कोनाला बोलू नको. मी घोवाला पन नाय बोलले. आनि तू ष्ट्यांडवर वाटलास."

त्यांनी मला भर उन्हात उभं करून सांगितलं. विद्यापीठाचा एक नियम होता. सलग दोन वर्षं काम झालेल्या माणसाचं प्रकरण निवड समितीपुढे ठेवावंच लागे. आणि खंडाच्या दिवशी कार्यालयाने काम करून घेतलं असेल तर तो खंड धरत नसत. कपाटातले आठ तक्ते म्हणजे आठ खंडांना घातलेले आठ टाके होते. दोन वर्षं नुकतीच भरली होती. समिती पंधरा दिवसांनी बसणार होती. तोवर कोणाला कळू द्यायचं नव्हतं, बस, एवढंच.

मी बाईंच्या खोलीत गेलो. टेबलावर माझं पत्रक होतं.

"या पुढारी, बसा." टोपण लागलं. "छपाई बरी आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका आहेत, खुणा केल्यात."

"बाई, मला ठाऊक नव्हतं."

"त्यात लिहिलंय ते सगळं खरं आहे. तीच तर अडचण आहे."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्हाला सांगितलेलं कुठे राहतं?" त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाल्या, "इथे येऊन लोक नाही नाही ते बोलतात. नवऱ्याचं दारूचं, पोटातल्या पोराचं, कोणाच्या सहीत खोट आहे त्याचं. मी लिहीत बसले तर ते कागदावर येईल, आणि कागद वर जातो. म्हणून हात मोकळा ठेवते. समोरच्याला दिसावं की लिहीत नाहीये."

दोन वर्षं मी त्या टोपणाचा राग केला होता.

संचालक मोटारीतून उतरले ते पत्रक हातात घेऊनच. आम्हा तिघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. मथुराबाई दाराशी उभ्या, मी भिंतीला टेकून, बाई समोर. संचालक खूप सभ्य माणूस. आवाज चढवत नसत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचे आभार मानले पाहिजेत. माझ्याच कचेरीत काय चाललंय ते मला तुमच्याकडून कळलं."

मग बाईंना म्हणाले, "कपाट उघडा."

बाईंनी आठ तक्ते आणून ठेवले. संचालकांनी एकेक उलटून पाहिला. सही, तारीख. सही, तारीख.

"हिला लेखी बोलावलं होतं?"

"नाही. तोंडी."

"म्हणजे बोलावल्याचा पुरावा नाही. मग असं म्हणता येईल की ही बाई आपणहून आली. नोकरीवर नसताना कचेरीत शिरली आणि कागदपत्रांत हात घातला." त्यांनी एक कोरा कागद बाईंकडे सरकवला. "तेवढं लिहून द्या. तुमच्यावर काही येणार नाही. तुमची नोकरी किती झाली?"

"सतरा वर्षं."

"मग झालं तर."

मथुराबाई मध्येच बोलल्या. "लिवा बाई. लिवून मोकल्या व्हा. मना परत आगरावर जाता येल."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला, तसा मी गप्प झालो. आयुष्यात फार थोड्या वेळा मला कोणी असं गप्प केलंय. खोलीत पंख्याचा आवाज आणि बाहेर संचालकांचा ड्रायव्हर मोटार पुसत होता त्याच्या बादलीचा. बाईंनी कागद ओढला, सरळ केला आणि लिहू लागल्या. मी उभा होतो तिथून अक्षर वाचता येत होतं. 'वरील आठही दिवशी सदर कर्मचाऱ्यास मी, आस्थापना विभागाची जबाबदार व्यक्ती म्हणून, कामासाठी बोलावले. ती आपणहून आली नाही. काम कार्यालयाचे होते.' खाली आठ तारखा, एकही न बघता, पाठ असल्यासारख्या. मग सही.

संचालकांनी वाचलं. "याचा परिणाम तुम्हाला समजतो ना?"

"माणसांचे परिणाम टाइप करणं हेच माझं काम आहे, सर," बाई म्हणाल्या. "याच्या दोन प्रती काढते. एक समितीला जाईल."

आणि त्या प्रती काढायला गेल्या.

समितीपुढे तो कागद गेला. मथुराबाई कायम झाल्या. नियम होता तसाच लागला; दोन वर्षं बाई आणि मथुराबाई सोडून केंद्रात एकालाही ठाऊक नसलेला नियम. बाईंवर चौकशी बसली. अधिकाराबाहेर वर्तन, असं ठरलं. एक पायरी खाली उतरवून त्यांना मुंबईला जुन्या दप्तरांच्या खोलीत पाठवण्याचा हुकूम निघाला. तो टाइप करायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनीच केला. त्याच्याच मागोमाग स्वतःचा राजीनामा. एक ओळ.

मी रात्रीतून दुसरं पत्रक लिहिलं होतं. बाईंच्या बाजूने. मथळा चांगला झाला होता. मथुराबाईंना आधी दाखवलं, एवढं शिकलो होतो. त्यांनी वाचून परत दिलं. "बाईंना दाव. त्यांचा हाय तो." बाई कपाटाच्या किल्ल्यांची यादी करत होत्या. "छापू नका," म्हणाल्या. "समिती म्हणेल आधीपासून तिघांचा कट होता. मथुरेचा कागद पुन्हा उघडतील." मी फाडलं. माझ्या हाताने फाडलेलं माझं ते एकमेव पत्रक.

त्यांच्या जागी एक गृहस्थ आले. हुशार होते. तुम्ही बोलत असताना ते भराभर लिहून घेत. महिन्याभरात त्यांच्या खोलीत कामाखेरीज कोणी जाईनासं झालं. तुम्हीही अशा कचेऱ्या पाहिल्या असतील. सगळी नोंद असते, आणि कोणाला काही सांगायचं नसतं.

पुढे वर्षभराने मीही ते केंद्र सोडलं. बाई पनवेलच्या एका शाळेत कारकून आहेत असं ऐकून होतो. जाऊन भेटायचं धैर्य झालं नाही. भेटल्या त्या पनवेलच्या स्टँडवर, माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा असताना. कळंबोलीकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांवर लिहिलं होतं. मुकादम पोरं कडेवर असलेल्यांना काम देत नसे.

बाईंनी हात पुढे केला. मी एक प्रत दिली. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. पिशवी खांद्यावरून घसरली तरी वाचत राहिल्या.

"यात तीन बायकांची नावं आहेत."

"खरी आहेत, बाई. मी स्वतः ऐकली."

"खरी असतीलच. उद्या मुकादमाने हे वाचलं की तो कोणाकडे जाईल?"

मी गठ्ठ्यातली वरची प्रत पालथी घातली.

"विचारलंत त्यांना?"

त्यांची गाडी लागली. त्यांनी प्रत घडी करून पिशवीत ठेवली, चढल्या, खिडकीशी बसल्या. मागे वळून पाहिलं नाही; कंडक्टरशी बोलत होत्या. गाडी गेली. मी गठ्ठा काखेत मारला आणि कळंबोलीची वाट धरली. ऊन होतं. बायका अजून कामावर असतील असा माझा हिशेब होता.