तळ्याकाठी दादा

दादाला दोऱ्याला गळ बांधता येईना, तेव्हा मी मुद्दाम तळ्याकडे पाहत राहिले. माझा हा थोरला भाऊ चाळीस वर्षं अमेरिकेत आहे, आणि मी त्याच्याकडे पाहुणी आले होते. हल्ली त्याचे हात कापतात. जंगलातून तासभर चालत आम्ही ट्राउट मासे धरायला आलो होतो.

"बांधून दे गं," तो शेवटी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे काही मागितलं होतं.

पिसांची खोटी माशी लावलेला तो इवलासा गळ मी बांधला. दादाने दोरा भिरकावला आणि माशी पाण्यावर अलगद टेकली. थोड्या वेळाने मासा लागला, वीतभर, नारिंगी पोटाचा. त्याला धरण्याआधी दादाने हात भिजवले.

"कोरड्या हाताने त्याची कातडी दुखावते," तो म्हणाला.

मग गळ सोडवून, पाण्यातल्या कापऱ्या ओंजळीत तो माशाला सोडण्याआधी दम खाऊ देत बसला. आपल्या माणसांना आपण किती वेळा कोरड्याच हातांनी धरतो, असं मला वाटून गेलं. त्याचं हे रानात येणं बंद कर, असं वहिनीने मला बजावून पाठवलं होतं.

मासा निसटला. दादा हसला.

"उद्या येशील?"

"येईन," मी म्हटलं. "पण मलाही शिकव."