कार्यवाहांची घंटी

परेश वझलवार हा जयपूरचा एकमेव मराठी रॉक गायक आहे, असं त्याचे चाहते सांगतात. यात अतिशयोक्ती मुळीच नाही. दुसरं कुणी या वाटेला गेलेलंच नाही. जयपूरच्या लोकांना मराठी कळत नाही आणि जयपूरच्या मराठी लोकांना रॉक कळत नाही, तेव्हा परेशने ज्या दिवशी गिटार हातात घेतली त्याच दिवशी तो या क्षेत्रात पहिला आला.

दिवसा तो सीतापुऱ्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळतो. शास्त्री नगरहून स्कूटरने जायचं, मुलांनी जाळून ठेवलेल्या सर्किटांचा पंचनामा करायचा आणि उन्हात भाजून परत यायचं. त्याची बायको अनुया भूलतज्ज्ञ आहे. माणसांना झोपवण्याचा ती पगार घेते आणि नवरा तेच काम फुकटात करतो, हा विनोद मराठी मंडळात वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. तो पहिल्यांदा अनुयानेच केला होता.

परेशच्या कलेचा उगम शोधायला फार लांब जायला नको. त्याचे वडील बापू वझलवार विमा कंपनीत अधिकारी होते. अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आले, दोन वर्षांत परत जाऊ म्हणाले आणि इथेच निवृत्त झाले. मंडळाचं कार्यवाहपद त्यांच्याकडे आलं ते कायमचंच. अध्यक्ष बदलले, खजिनदार बदलले, एकदा तर गणपतीची मूर्ती बनवणारा बदलला, पण बापू बदलले नाहीत. गणेशोत्सवातल्या गुणदर्शनाच्या कार्यक्रमात रंगमंचाच्या कोपऱ्यात टेबल टाकून ते बसत. समोर घड्याळ आणि पितळी घंटी. प्रत्येक कलाकाराला सारखा वेळ. वेळ संपली की टण्ण. मग तुम्ही भैरवीच्या समेवर असा नाहीतर नाटुकल्यात मरायला टेकलेले असा, तिथेच उठायचं. एकदा अध्यक्षांच्या सासूबाईंना त्यांनी आरतीच्या मधोमध थांबवलं होतं. बापूंना लोक घाबरत, आणि बापूंना ते आवडत असे.

परेश कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता तेव्हा त्याने गुणदर्शनात नाव दिलं. मित्राची इलेक्ट्रिक गिटार आणली, स्वतः लिहिलेलं गाणं सुरू केलं. गाणं रंगात आलं आणि घंटी वाजली. पोरगा क्षणभर तसाच उभा राहिला. पडदा ओढणाऱ्याने पडदा ओढला. पाठोपाठ विचित्रवेश स्पर्धेतली पेठ्यांची मुलगी कांदा होऊन आली आणि सगळा हॉल हसला. कांद्याला हसला, पण परेशला ते कोण समजावणार?

त्यानंतर तो मंडळात कधी गायला नाही. बापूंशी बोलायचा तो नळाचं पाणी, गॅसचा सिलिंडर आणि पेपर कुठे आहे या तीन विषयांवर. दोघं एकाच घरात राहत होते, एकाच टेबलावर जेवत होते. इतक्या जवळ राहून अबोला धरायला फार शिस्त लागते, आणि ती शिस्त वझलवारांच्या रक्तातच होती.

मग त्याने तो प्रसिद्ध अल्बम केला. स्टुडिओ परवडत नव्हता, म्हणून उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या घराच्या हौदात शिडी लावून तो उतरला आणि तिथे बसून गायला. आवाज छान घुमला. तिसऱ्या गाण्याच्या मध्ये वरून बापूंचा आवाज येतो, "परेश, वर ये, पाणी आलं." ते त्याने काढलं नाही. काढता येत नव्हतं, इतकंच. पण आज त्याच्या कार्यक्रमांत तिसरं गाणं सुरू झालं की दोन-तीनशे माणसं एका सुरात "पाणी आलं" असं ओरडतात. काहींच्या दंडावर ते गोंदलेलंही आहे.

अल्बममधलं शेवटचं गाणं मात्र जाणूनबुजून लिहिलेलं होतं.

कार्यवाह, कार्यवाह,
घड्याळ तुमचं पुढे धावतं,
गाणं माझं अर्धं राहतं,
अर्धं तुमच्या टेबलावर.

हे तो किंचाळून म्हणतो आणि गाणं मध्येच सोडून निघून जातो. प्रत्येक कार्यक्रमात. टाळ्या वाजोत की शिट्ट्या, परत येत नाही. अल्बम निघाला तेव्हा तो कुणीच घेतला नाही. नातेवाइकांनी फुकट घेतला आणि ऐकला नाही. पुढे कित्येक वर्षांनी पुण्याच्या तन्मय नावाच्या एका दाढीवाल्या गृहस्थाला तो रद्दीच्या दुकानात सापडला. तन्मय संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात लांबलचक लेख लिहितो. त्याने अल्बम इंटरनेटवर टाकला, सोबत मोठा लेख लिहिला. 'कार्यवाह' म्हणजे व्यवस्था, अर्धं गाणं म्हणजे दडपलेला माणूस, हौद म्हणजे अबोध मन. झालं. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात परेशचे भक्त तयार झाले. नव्या पोरांचे बँड गाणी अर्धवट सोडू लागले. एका बँडने तर अर्ध्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला आणि किंमत पूर्ण लावली. प्रभाव म्हणतात तो हाच.

परेश वर्षातून दोनदा पुण्याला जायचा, किंचाळून यायचा आणि सोमवारी सीतापुऱ्याला हजर व्हायचा. मुलाखतींत तो वडिलांबद्दल बोलायचा. "माझ्या घरातच एक घंटी होती," असं म्हणायचा आणि थांबायचा. मुलाखत घेणाऱ्यांचे डोळे पाणवायचे. बापू या मुलाखती बघत नाहीत, अशी त्याची खात्री होती. बापू टीव्हीवर बातम्या बघत आणि इंटरनेटवर हवामान.

यंदा मंडळाच्या कार्यकारिणीला साक्षात्कार झाला. नागपूरच्या एका पेपरात परेशवर लेख आला होता आणि तो अध्यक्षांच्या मेव्हण्याने पाठवला होता. आपला माणूस पेपरात येतो आणि आपण त्याला शाल दिलेली नाही, ही गोष्ट मराठी माणसाला रात्रभर झोपू देत नाही. गणेशोत्सवात जाहीर सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि भजनी मंडळाकडून सत्कारमूर्तींच्या गाजलेल्या गाण्याचं सादरीकरण.

हे परेशच्या कानावर आलं. गाजलेलं गाणं एकच होतं. म्हणजे ज्या माणसावर ते लिहिलं, त्या माणसासमोर ते म्हटलं जाणार होतं, त्याच्याच मंडळात आणि त्याच्या वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी. पुण्यातल्या तीनशे अनोळखी माणसांपुढे बापाला शिव्या घालणं वेगळं. ते फार कठीण नाही. बाप पहिल्या रांगेत येऊन बसला की शूरपणा कुठल्या कुठे जातो.

तो भजनी मंडळाच्या प्रमुख विजयमालाकाकूंकडे धावला. त्या बनी पार्कात राहत, मूळच्या यवतमाळच्या.

"काकू, ते गाणं नको. मतलब, दुसरं कुठलंही घ्या."

"आता कसं बदलू? पंधरा बायका पाठ करून राहिल्या. भैरवीत बसवलं मी."

"भैरवीत?"

"किंचाळणं आम्हाला जमत नाही रे. अन् गाणं अर्धं आहे ते. देवापुढं अर्धं म्हणत नाहीत, म्हणून शेवटचं कडवं मी जोडलं."

परेशने डोळे मिटले. मग शेवटचा उपाय म्हणून तो म्हणाला, "मग मीच गातो ना. माझंच दुसरं गाणं."

काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं जणू त्याने स्वतःच्या लग्नात वाढपी व्हायची तयारी दाखवली. "सत्कारमूर्ती कधी गातो का? त्यानं बसायचं असतं. गेल्या वर्षी डॉक्टर रानड्यांचा सत्कार केला, तेव्हा काय त्यांना ऑपरेशन करायला लावलं आपण?"

मग काकूंनी स्वतःहूनच त्याला जीवदान दिलं. "पण गाणं गोड आहे हो. देवाशी भांडतो भक्त, तसं. कार्यवाह म्हणजे गजाननच ना? सगळ्यांची वेळ त्याच्याच हातात."

परेशच्या जिवात जीव आला. "हो काकू. गजाननच," तो म्हणाला. तन्मयचा एवढा मोठा लेख त्याने एका वाक्यात खोटा पाडला आणि त्याला जराही वाईट वाटलं नाही. काकूंना जे वाटलं तेच बापूंनाही वाटो, एवढंच तो पुढचे आठ दिवस मनात घोकत होता.

सत्काराला हॉल भरला. जेवण होतं हे एक कारण. पुण्याहून तन्मय आणि त्याचे चौघे सोबती काळे टी-शर्ट घालून आले होते. परेश शाल भिरकावून देईल आणि उठून जाईल, असा त्यांचा अंदाज होता आणि ते चित्रित करायला त्यांनी दोन कॅमेरे आणले होते. शाल घातली ती बापूंनी. शालीचं एक टोक परेशच्या चष्म्यात अडकलं. बापूंनी ते सोडवलं. परेशने शाल भिरकावली नाही. सप्टेंबरच्या उकाड्यात ती लोकरी शाल पांघरून तो निमूट बसला. काळ्या टी-शर्टांनी एकमेकांकडे बघितलं.

पेटी सुरू झाली. पंधरा बायका हिरव्या साड्या नेसून बसल्या होत्या. "कार्यवाह, कार्यवाह, घड्याळ तुमचं पुढे धावतं," त्यांनी इतक्या लडिवाळपणे म्हटलं की मागच्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले. दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा सगळा हॉल टाळ्यांचा ठेका धरून म्हणत होता. मग काकूंचं कडवं आलं.

कार्यवाह, दयाघना,
उरलेलं तुम्ही पुरं करा,
चुकलं माकलं लेकराचं
पदरामध्ये भरून धरा.

परेशला हे ऐकवेना. तो कधी गणपतीकडे बघत होता, कधी पंख्याकडे, बापूंकडे सोडून सगळीकडे. शेवटी न राहवून त्याने बघितलं. बापू मांडीवर ताल धरून होते आणि चेहरा नेहमीसारखाच, हिशेब तपासताना असायचा तसा. त्यांना काहीही कळलेलं नाही, असं परेशने ठरवलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. नंतर आभारप्रदर्शनात बापूंनी मंडपवाल्यापासून चपला सांभाळणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. मुलाचं नाव घेतलं नाही. घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात.

जेवणाची रांग लागली. जयपूरच्या आचाऱ्याने केलेला मसालेभात पुलावासारखाच लागत होता, पण दरवर्षी तसाच लागतो आणि दरवर्षी सगळे दोनदा घेतात. अनुया बायकांच्या घोळक्यात अडकली होती. परेश ताट घेऊन बापूंजवळ गेला. आज त्याला खूप हलकं वाटत होतं, म्हणून पाणी, सिलिंडर आणि पेपर सोडून चौथ्या विषयावर बोलायचं धाडस त्याने केलं.

"बापू, काकूंनी छान बसवलं ना? मतलब, भक्तिगीतच वाटलं."

"विजयमालेला वाटलं असेल," बापू पुरीचा तुकडा मोडत म्हणाले. "माझ्यावर आहे ते."

परेशच्या हातातलं ताट कलंडलं. वरण मनगटावर आलं.

"तुम्ही आधी ऐकलं होतं?"

"घरातच तं गाऊन राहिला होता तू. बहिरा आहे का मी? मुलाखतीही पाहिल्या. चांगला बोलतो. फक्त एक चूक आहे गाण्यात."

"कुठली?"

"घड्याळ पुढं नव्हतं धावत. त्या दिवशी घंटी मी उशिरा वाजवली. वेळ कधीच संपली होती तुझी. हात घंटीवर होता अन् उचलतच नव्हता. तू चांगला गात होता." बापूंनी पुरी वरणात बुडवली. "पेठ्यांची पोरगी मागं कांदा होऊन उभी, रडकुंडीला आलेली. पेठे मला खुणा करून राहिले. मग वाजवली. पेठे पुढं वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पक्षपात केला म्हणाले. केलाच होता मी."

परेश खुर्ची ओढून बसला.

"मग मला सांगितलं का नाही? इतकी वर्षं?"

"आधी वाटलं, तुला कळलं असेल. मग तू हे गाणं केलं. अन् लोकांना ते आवडून राहिलं." बापूंनी पहिल्यांदाच वर बघितलं. "माझ्यावरच्या रागावर तुझं बरं चाललं होतं, परेश. खरं सांगून मी काय तुझं गाणं बंद पाडू?"

एवढं बोलून ते पुन्हा जेवू लागले. परेशला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच त्याने केलं नाही, कारण वझलवारांकडे तशी पद्धत नाही. त्याने बापूंच्या वाटीत आपल्या ताटातलं श्रीखंड घातलं. बापूंना गोड वर्ज्य होतं. त्यांनी ते मुकाट्याने खाल्लं.

तेवढ्यात तन्मय आला. शाल प्रकरणाने तो खट्टू झाला होता, पण धीर सोडलेला नव्हता. "सर, पुढच्या महिन्यात पुण्याला शेवटी 'कार्यवाह'च ना? आणि तुमच्या पद्धतीने हं. पूर्ण संतापात."

परेशने बापूंकडे बघितलं. बापू बोटं चाटत होते.

"हो," परेश म्हणाला. गाणं त्याला पाठ होतं. त्यात घालायला संताप तेवढा आता कुठून तरी उसना आणायचा होता.