झोप न मोडणारा कॉम्प्युटर

"छोकरा माटे छे, बेन?" दुकानदाराने पहिला प्रश्न हाच विचारला. गेमिंगचा कॉम्प्युटर म्हटलं की मुलासाठीच असणार, असं त्याने धरून टाकलेलं.

"मुलगा नाही मला. मीच खेळते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने हात वर केले. "माझ्याकडे काय बघता शेठ, गाडी तीच पळवते."

मी गाड्यांची शर्यत खेळते, ऑनलाइन. खरी गाडी जन्मात चालवली नाही, पण स्क्रीनवर कोणी मला मागे टाकलं तर त्याची खैर नसते. माहेर धुळ्याकडचं, जीभ तिखट, माघार घ्यायची सवय नाही. आमचं लग्न एकाच कंपनीत कामाला असताना जमलं, त्यामुळे मी नवऱ्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. न पटू दे.

आम्ही आमलीत, कारखान्यांच्या भागात, एका खोलीत राहतो. एकच खोली, तिच्यात ओटा, पलंग, कपाट सगळं. नवरा खडोलीच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला, कायम रात्रपाळी. सकाळी येतो, चहा घेतो, खिडकीला काळा पडदा ओढतो आणि झोपतो. मी दुपारी कामावर निघते. म्हणजे माझा मोकळा वेळ तीच त्याची झोप. जुना लॅपटॉप होता तेव्हा शर्यत सुरू झाली की त्याचा पंखा असा किंचाळायचा की नवरा दचकून उठायचा. मग नुसता कूस बदलायचा. मग एका लग्नसराईत शेजारी दिवसभर स्पीकर वाजला, त्याला डोळा लागला नाही, आणि त्या रात्री तो प्रेसवर पेंगला. सकाळी घरी आला तो हातमोजा दाखवत. मोज्याच्या बोटाचं टोक गेलं होतं. बोट वाचलं होतं. व माय! मी त्याची पाचही बोटं मोजून घेतली. त्या दिवशी लॅपटॉप कपाटात टाकला आणि खेळणं बंद केलं.

पण किती दिवस? दुपारपासून रात्रीपर्यंत कंपनीत धाग्याच्या बॉबिनी मोजायच्या, घरी यायचं, भाकरी थापायच्या, आणि सकाळी अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे बघत बसायचं? खेळ सोडल्यावर मी चिडचिडी झाले. आधीच चिडकी, त्यात आणखी. शेवटी नवराच म्हणाला, "घे बाई एक चांगला कॉम्प्युटर, तू खेळतेस तेव्हाच बरी असतेस." मी म्हटलं, घेईन, पण असा की त्याच्या शेजारी तू घोरत पडला पाहिजेस.

मग महिनाभर कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर व्हिडिओ बघितले. जो तो सांगत होता, कोणतं ग्राफिक्स कार्ड किती पळतं. आवाज किती करतं ते सांगणारे थोडेच. तेच शोधून काढले.

दुकानदाराने आधी काचेचं कॅबिनेट पुढे केलं. आत सात रंगांचे दिवे गरगरत होते. "लाइटवाळुं लई जाव ने, बेन!"

"शेठ, माझा माणूस अंधारात झोपतो. नवरात्रीचा मांडव नाही घालायचा मला." मी जाड पत्र्याचं, आतून फोम लावलेलं काळं कॅबिनेट मागितलं. ते मागे गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेलं. कोणी विचारतच नव्हतं. पंखे मोठे घेतले, कारण मोठा पंखा सावकाश फिरला तरी भागतं. छोट्याला जीव तोडून पळावं लागतं. प्रोसेसरवर बसवायचा कूलर विटेएवढा घेतला. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, लागतो त्याहून मोठा निवडला, म्हणजे त्याच्यावर भार कमी आणि त्याचा पंखा बहुतेक वेळ गप्प. कुरकुरणारी हार्ड डिस्क नकोच. कीबोर्डची तर एकेक कळ दाबून बघितली. टकटक वाजणारे सगळे बाजूला सारले.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. काही कार्डांचा पंखा शांत असतो, पण भार आला की आतून बारीक कुईऽऽ असा सूर निघतो, डासासारखा. खोक्यावर तसं कुठे लिहिलेलं नसतं. ते कानानेच कळतं.

"लावून दाखवा," मी म्हटलं.

त्याने लावलं, त्यावर एक गेम चालू केला. मी म्हटलं, "आता दुकानाचा एसी बंद करा. पंखापण."

"बेन, मे महिना छे!"

"मग काय झालं? घेणार आहे मी, फुकट नाही बसले." एसी बंद झाला. नवऱ्याने लाजून मान खाली घातली. मी कान लावला. पहिलं कार्ड कुईकुई करत होतं. दुसरंही. शेठच्या कपाळावरून घाम ओघळला, तरी मी हलले नाही. तिसरं लावलं आणि काहीच ऐकू आलं नाही. ते जरा कमी ताकदीचं होतं. शेठ म्हणाला, याहून भारी आहे माझ्याकडे. मी म्हटलं, हेच बांधा.

घरी जोडणी झाली. दुसऱ्या दिवशी नवरा झोपल्यावर मी बटण दाबलं. चालू झालाय की नाही हे कळायला मला हात लावून बघावं लागलं. कानात हेडफोन घातले, शर्यत सुरू केली. गाडी अशी धावली की काय सांगू! शेवटच्या वळणावर एकाने मला धडक दिली आणि माझ्या तोंडातून निघालं, "मुडद्या, दिसत नाही का तुला!"

नवरा ताडकन उठून बसला.

घ्या! सगळे पार्ट पारखून घेतले आणि तोंड तेवढं राहिलं. मला स्वतःचाच इतका राग आला! तो परत झोपेपर्यंत मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. डोळ्यांपुढून तो मोजा हलेना. त्या रात्री तो कामावर गेला आणि घरी येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

पण कॉम्प्युटर विकायचा नव्हता मला. दुसऱ्या दिवसापासून खेळायला बसताना ओढणीचा बोळा करून दातांत धरला. धडक बसली की चावायचा. हरले की चावायचा. सवय झाली.

मागच्या आठवड्यात मी एका शर्यतीत सगळ्यात मागे पडले होते. एकेकाला गाठलं, चावत चावत, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर पहिली आले. पहिल्यांदाच! छातीत नुसता ढोल वाजत होता आणि तोंडात ओढणी. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेवढ्यात त्याचा अलार्म वाजला. तो उठला, पोटभर झोपलेल्या माणसासारखा आळस दिला, आणि मला बघून घाबरला.

"काय झालं? गावाहून फोन आला का?"

मी बोळा काढला. "पहिली आले," मी हळूच म्हटलं.

"मग अशी कुजबुजतेस काय? उठलोय ना मी आता. ओरड की!"

मी ओरडले. अशी ओरडले की शेजारच्या वहिनी पिठाच्या हातांनी आमच्या दारात धावत आल्या.

"काही नाही वहिनी," नवरा म्हणाला, "ही जिंकली."